डेंगीनंतर ईबीव्हीची प्रतिपिंडे वाढलेली दिसली: जुना विषाणू जागा झाला असे समजावे का?

मुलुंडची_वाचक

नमस्कार मंडळी. माझे वय ४१, राहणे मुलुंड पूर्वेला आणि नोकरी फोर्टमध्ये. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मला डेंगी झाला. तिसऱ्या दिवशी केलेली एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट ६८ हजारांपर्यंत उतरल्या, मात्र रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही. ताप आठवड्याभरात गेला. थकवा काही गेला नाही. सकाळच्या गाडीत उभी राहिले की घाटकोपर येईपर्यंत पाय गळून जातात, आणि मानेच्या डाव्या बाजूला एक लहानशी गाठही हाताला लागते. महिन्याभराने डॉक्टरांनी काही तपासण्या लिहून दिल्या आणि त्यांत एप्स्टाइन-बार विषाणूची, म्हणजे ईबीव्हीची, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजण्यास सांगितले.

अहवालात तीन ओळी आहेत. व्हीसीए आयजीएम ‘सीमारेषेवर’, व्हीसीए आयजीजी ‘७५० पेक्षा अधिक’ आणि ईबीएनए आयजीजी पॉझिटिव्ह. (व्हीसीए आणि ईबीएनए ही ईबीव्हीची दोन प्रथिने; आयजीएम हे संसर्गाच्या सुरुवातीचे प्रतिपिंड, आयजीजी नंतर येऊन टिकणारे.) योगायोगाने २०२१ मध्येही गाठींच्याच तक्रारीसाठी हीच चाचणी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत झाली होती. तेव्हा आयजीएम निगेटिव्ह, व्हीसीए आयजीजी ९६ आणि ईबीएनए पॉझिटिव्ह असा निकाल होता. म्हणजे हा विषाणू माझ्या शरीरात आधीपासूनच मुक्कामाला आहे, इतके मला समजते.

माझा प्रश्न असा आहे. डेंगीचा विषाणू आणि ईबीव्ही ही दोन वेगळ्या कुळांतली मंडळी. एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटण्याचे कारण नाही. मग डेंगी होऊन गेल्यावर ईबीव्हीच्या प्रतिपिंडांचा आकडा का वाढावा? डेंगीच्या धामधुमीत सुप्त विषाणू खरोखर जागा झाला, की नवा शत्रू दिसल्यावर शरीर जुन्या सगळ्याच प्रतिपिंडांचे उत्पादन सरसकट वाढवते? आणि याच्या उलट, नव्या संसर्गामुळे जुनी प्रतिपिंडे कमी होण्याचाही काही प्रकार आहे का? सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी तापानंतर नागीण झाली होती, त्यामुळे घरात सर्वांचा निकाल केव्हाच लागलेला आहे: ‘अंगातले जुने दुखणे तापाने वर आले.’ मला मात्र नेमके काय घडते ते समजून घ्यायचे आहे.

शिवडी_पूर्व

ताई, मला तरी यात घरच्यांचेच बरोबर वाटते. कडक ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि तो तर मज्जातंतूंत दडून बसलेल्या नागीणवर्गीय विषाणूचाच उद्रेक असतो. मलेरियाच्या दिवसांत आमच्या चाळीत निम्म्या लोकांचे ओठ फुटलेले असत. ईबीव्ही त्याच घराण्यातला आहे. आयजीजी ९६ वरून ७५० च्या पुढे गेले, म्हणजे जवळजवळ आठपट झाले. याहून अधिक पुरावा कोणता हवा? डॉक्टरांना विषाणूविरोधी गोळ्यांबद्दल विचारून पाहावे.

काचपट्टी

मी एका महापालिका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. सीरमच्या नळ्या आणि त्यांवरच्या आकड्यांतच आयुष्य गेले. प्रश्न फार नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम शिवडीकरांच्या आठपटीबद्दल. २०२१ चा ९६ आणि आताचा ७५० हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले, बहुधा वेगवेगळ्या किटवरचे आणि वेगवेगळ्या एककांतले आहेत. व्हीसीए आयजीजीसाठी सर्व कंपन्यांना बांधून घेणारे एकच एकक प्रचारात नाही. त्यामुळे एका किटवरचे ९६ हे दुसऱ्या किटवर ७०० सुद्धा असू शकते. शिवाय ‘७५० पेक्षा अधिक’ हा आकडाच नव्हे; यंत्राची मोजपट्टी तेथे संपली, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे वाढ सिद्ध करण्याचा जुना नियम असा होता की दोन नमुने दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावेत, पहिला गोठवून ठेवावा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच किटवर, शेजारीशेजारी लावावेत. टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची मोजलेली मात्रा, चौपट झाले तरच वाढ मानावी. ही जोडी नसेल तर आकड्यांची तुलना म्हणजे एका दुकानातल्या तराजूवरचे वजन दुसऱ्या दुकानातल्या तराजूशी ताडून भांडण्यासारखे आहे.

आता वाढ खरोखर झाली आहे असे घटकाभर धरून चालू. नव्या संसर्गानंतर सुप्त विषाणूची प्रतिपिंडे वाढण्याच्या माझ्या माहितीत तीन वाटा आहेत, आणि त्यांचे अर्थ अगदी निरनिराळे आहेत.

पहिली वाट म्हणजे विषाणूचे खरेखुरे जागे होणे. हे विषाणू सुप्त राहतात ते मुख्यतः टी पेशींच्या (संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) पहाऱ्यामुळे, प्रतिपिंडांमुळे नव्हे. सासूबाईंचेच उदाहरण घ्या. कांजिण्यांचा विषाणू मणक्यांलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत बसून असतो. वय वाढते तसा टी पेशींचा पहारा ढिला पडतो, आणि रक्तात त्याच विषाणूची प्रतिपिंडे भरपूर असतानाही नागीण उमटते. उमटल्यावर ती प्रतिपिंडे आणखी वाढतात. (नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज मात्र सोडून द्यावा, ती एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात राहते आणि सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही.) तेव्हा क्रम लक्षात घ्या: आधी पहारा ढळतो, मग विषाणू प्रथिने बनवू लागतो, मग त्या प्रथिनांना ओळखणाऱ्या स्मृतिपेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या बी पेशी) जाग्या होतात आणि सर्वांत शेवटी आकडा चढतो. प्रतिपिंडांची वाढ ही झालेल्या घटनेची नोंद आहे. विषाणू अजूनही सक्रिय आहे की नाही, हे ती सांगत नाही.

दुसरी वाट म्हणजे साधर्म्य. ज्यांना ओठांवरच्या फोडांचा हर्पिस विषाणू आधी होऊन गेलेला असतो त्यांना नव्याने कांजिण्या झाल्या तर कित्येकांत हर्पिसची प्रतिपिंडेही वाढतात, हे १९६० च्या दशकातच दाखवले गेले होते. हर्पिस जागा झालेला नसतो. दोन्ही विषाणूंची काही प्रथिने इतकी सारखी असतात की जुन्या स्मृतिपेशींना नव्या पाहुण्यात ओळखीचा चेहरा दिसतो. डेंगी आणि ईबीव्ही यांत असे नाते नाही, म्हणून तुमच्याबाबतीत ही वाट मी बंद समजते.

तिसरी वाट सरसकट चेतवण्याची. काही संसर्ग बी पेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनतात त्या पांढऱ्या पेशींना, निवड न करता ढुशा देतात. ईबीव्ही स्वतःच यात अग्रेसर आहे: त्याच्या पहिल्या आजारात रुग्णाच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडेसुद्धा निघतात, आणि १९३२ सालची पॉल-बनेल चाचणी याच विचित्र गोष्टीवर उभी होती. एचआयव्हीच्या रुग्णांत एकूण इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे प्रतिपिंडे) वाढलेली आणि तरीही नव्या प्रतिजनाला (ज्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात त्या पदार्थाला) मिळणारा प्रतिसाद दुबळा, हे १९८३ मध्येच नोंदले गेले. या वाटेने वाढ झाली असेल तर ती एकट्या ईबीव्हीची असणार नाही; गोवर, रुबेला, धनुर्वात, सगळ्यांचीच थोडीथोडी दिसेल.

यातूनच पडताळणीचा मार्ग निघतो. व्हीसीए हे विषाणू सक्रिय होऊन नवे कण बनवतो तेव्हाचे प्रथिन आहे, तर ईबीएनए हे सुप्तावस्थेशी निगडित. व्हीसीए आणि त्याबरोबर ‘अर्ली अँटिजेन’ची (विषाणू जागा होताना सुरुवातीला बनणाऱ्या प्रथिनांची) प्रतिपिंडे वाढली आणि ईबीएनए जागच्या जागी राहिले तर पहिल्या वाटेकडे कल जातो. सगळेच एका प्रमाणात वाढले असेल, आणि त्याच नमुन्यांत रुबेलासारख्या असंबद्ध विषाणूची आयजीजीही वाढलेली सापडली, तर तिसरी वाट. रुबेला सुप्त राहत नाही, म्हणूनच ती येथे साक्षीदार म्हणून उपयोगी. खेदाची गोष्ट ही की असा साक्षीदार ठेवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही आणि मग एका आकड्यावरून ‘पुनर्सक्रियता’ असा शेरा मारला जातो.

सीमारेषेवरच्या आयजीएमवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. ताज्या विषाणूजन्य तापानंतर आयजीएमच्या चाचण्या काही काळ खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. ईबीव्ही आणि त्याच घराण्यातला सायटोमेगॅलो विषाणू यांच्या आयजीएम एकदमच पॉझिटिव्ह आलेले अहवाल मी कितीतरी पाहिले, आणि संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर रक्तात असेल तर तोही घोळ घालतो.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात ईबीव्ही जागा झाला असे सिद्ध झाले तरी त्यावर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घेऊन थकवा जात नाही. आणि मानेतल्या गाठीचा विचार या अहवालापासून वेगळा करा. मुंबईत मानेची गाठ टिकून राहिली तर क्षयाचा विचार आधी होतो, ईबीव्हीचा नंतर.

मुलुंडची_वाचक

काचपट्टी ताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एककांकडे माझे लक्षच गेले नव्हते. आता पाहिले तर २०२१ च्या अहवालात नुसते ‘युनिट’ असे छापले आहे आणि आताच्या अहवालात ‘युनिट प्रति मिलिलिटर’. गाठीसाठी शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

एक शंका उरते. तिसऱ्या वाटेत ‘सगळ्यांचीच थोडीथोडी’ वाढ होते असे आपण म्हणता. डेंगी तसा ढुशा देणारा आहे का?

पेशीविज्ञानार्थी

मी रोगप्रतिकारशास्त्रात पीएच.डी. करतो आहे, म्हणून या शंकेत शिरण्याचे धाडस करतो.

सरसकट चेतवण्याच्या कल्पनेला सर्वांत ठाशीव रूप मिळाले ते २००२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बेलिन्झोना येथील लान्झाव्हेकिया यांच्या गटाच्या कामातून. प्रयोगशाळेत त्यांनी दाखवले की मानवी स्मृतिपेशींना स्वतःचा प्रतिजन नसतानाही, केवळ शेजारच्या टी पेशींची मदत आणि जिवाणूंच्या डीएनएसारखे संकेत मिळाले तरी, त्या वाढतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होतात. त्यांचे म्हणणे होते की आयुष्यभर येणारे लहानमोठे संसर्ग जुन्या स्मृतिपेशींना असे डिवचत राहतात आणि त्यावर जुनी प्रतिपिंडे टिकतात. पण यातली मेख अशी की ही कल्पना संथ ठिबकण्याची आहे. एका तापानंतर आकडा आठपट व्हावा, असे त्यात कोठेही नाही.

डेंगीबद्दल तर थेट निरीक्षण उपलब्ध आहे. थायलंडमधील रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापाच्या सुमारे सातव्या दिवशी प्रतिपिंडे स्रवणाऱ्या तरुण प्लाझ्मा पेशींचा रक्तात असा पूर आलेला दिसला की काही रुग्णांत सर्व लसिकापेशींपैकी (बी आणि टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींपैकी) ३० टक्क्यांपर्यंत त्याच होत्या. हे वाचताच ‘सगळ्यांनाच ढुशा मिळाल्या असणार’ असे वाटते, पण त्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांतील बहुसंख्य डेंगीविरुद्धच काम करणाऱ्या निघाल्या. म्हणजे पूर आला तो मुख्यतः एकाच नदीला.

मात्र काचपट्टी यांच्या एका मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. पहिली आणि तिसरी वाट इतर विषाणूंच्या बाबतीत वेगळ्या आहेत, पण ईबीव्हीच्या बाबतीत त्या एका चौकात येऊन मिळतात. हर्पिस आणि कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत राहतात. ईबीव्ही राहतो तो थेट स्मृतिपेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या कारखान्याच्या माळ्यावरच. बोस्टनमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की अशी ईबीव्ही बाळगणारी स्मृतिपेशी जेव्हा प्लाझ्मा पेशीत रूपांतरित होते तेव्हाच विषाणूची सुप्तावस्था मोडते. ती पेशी ईबीव्हीविरुद्धची असण्याची काहीच गरज नाही. समजा तिच्यात बालपणीच्या एखाद्या सर्दीची स्मृती आहे आणि नव्या संसर्गाच्या गदारोळात तिला चेतना मिळाली. ती प्लाझ्मा पेशी व्हायला निघाली की तिच्या पोटातला विषाणू उठतो, व्हीसीए बनवतो आणि मग त्या व्हीसीएविरुद्धची प्रतिपिंडे वाढतात. येथे सरसकट चेतना हेच पुनर्सक्रियतेचे कारण ठरते. अशा वेळी रुबेलाचा साक्षीदार ‘काही वाढ नाही’ असे सांगेल, आणि तरीही मुळाशी तिसरी वाट असेल.

कोविडच्या काळात याच प्रश्नाला पुन्हा उजाळा मिळाला. दीर्घ कोविडच्या ३० रुग्णांपैकी २० जणांत ईबीव्ही जागा झाल्याच्या सीरमखुणा सापडल्या, तर दीर्घ लक्षणे नसलेल्या २० जणांपैकी केवळ दोघांत, असा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. संख्या लहान आहे आणि खुणा प्रतिपिंडांच्याच आहेत, त्यामुळे त्यावरून कार्यकारणभाव सांगता येत नाही. पण पुढे २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणातही दीर्घ कोविडच्या रुग्णांत ईबीव्हीच्या काही प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे अधिक आढळली. डेंगीला हे जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते.

काचपट्टी

पेशीविज्ञानार्थी, चौकाचा मुद्दा मान्य. आमच्या पिढीने ईबीव्ही ‘बी पेशींत राहतो’ एवढे पाठ केले होते. पेशीचे रूपांतर हेच त्याच्या उठण्याचे कारण असते, हे त्या वाक्यात दडलेले असूनही आम्ही कधी उकलून पाहिले नाही. तेव्हा माझ्या साक्षीदाराबद्दल दुरुस्ती करते: रुबेलाची आयजीजी वाढली तर सरसकट चेतना झाली असे म्हणता येईल, पण वाढली नाही म्हणून ती झालीच नाही असे म्हणता येणार नाही.

आणखी एक भर. प्रतिपिंडे वाढण्यासाठी नवा विषाणू लागतोच असेही नाही. अमेरिकेतील ओहायो येथे १९८० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे रक्त परीक्षेच्या दिवसांत आणि सुट्टीनंतर तपासले गेले, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत ईबीव्हीची प्रतिपिंडे वाढलेली आढळली. अर्थ असा लावला गेला की ताणामुळे टी पेशींचा पहारा सैलावतो. डेंगीत आठवडाभर ताप, उपास, अपुरी झोप आणि प्लेटलेटच्या आकड्याची धास्ती हे सगळे एकदम येते. त्यातले किती विषाणूचे आणि किती धास्तीचे, हे रक्ताच्या नळीवर लिहिलेले नसते.

बालरोग_चेंबूर

प्रश्नाचा तिसरा भाग, म्हणजे जुनी प्रतिपिंडे कमी होण्याचा, अजून कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. मी चेंबूरला बालरोगतज्ज्ञ आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली, तेव्हा पालकांना मी एकच गोष्ट परोपरीने सांगत होतो की पुरळ गेले म्हणजे गोवर गेला असे नाही.

गोवराचा विषाणू सीडी१५० या खुणेवरून पेशीत शिरतो, आणि ती खूण स्मृतिपेशींवर भरपूर असते. म्हणजे तो जुन्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशीच मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले गेले. २०१९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार मुलांनी आपल्या जुन्या प्रतिपिंडांच्या संग्रहातील ११ ते ७३ टक्के भाग गमावला होता. गोवराची लस घेतलेल्या मुलांत असे काही दिसले नाही. तसे पाहिले तर या विस्मृतीची चाहूल फार जुनी आहे: फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते की गोवराच्या दिवसांत क्षयाच्या मुलांची ट्युबरक्युलिन ही त्वचेवरची चाचणी तात्पुरती निगेटिव्ह होते. तेथे प्रतिपिंडांऐवजी टी पेशींचा भाग होता, पण मूळ गोष्ट तीच.

आता सुप्त विषाणूचे काय? होऊन गेलेल्या आजाराची स्मृती पुसली गेली तर ती परत येण्यासाठी तो जंतू किंवा लस पुन्हा भेटावी लागते. सुप्त विषाणू मात्र घरातच असतो. पहारा उठला की तो डोके वर काढतो, आणि त्याच्या डोके वर काढण्यानेच त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे पुन्हा भरून निघावीत, असा माझा तर्क आहे. म्हणजे स्मृती पुसणारा संसर्ग आणि सुप्त विषाणूला उठवणारा संसर्ग एकच असला तर रक्तातला निव्वळ आकडा घसरलेला, वाढलेला किंवा जैसे थे, यांपैकी काहीही दिसू शकतो.

डेंगीत गोवरासारखी विस्मृती होते असे मात्र कोणी समजू नये. डेंगीचा विषाणू स्मृतिपेशींचा तसा संहार करत नाही. फार तर अस्थिमज्जेतल्या जागेची चढाओढ होते. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींना मज्जेत ठरावीक जागा असतात, आणि नव्या पेशी आल्या की काही जुन्यांना उठावे लागते. धनुर्वाताच्या लसीनंतर आठवड्याभरात जुन्या, लसीशी संबंध नसलेल्या प्लाझ्मा पेशी रक्तात उतरताना बर्लिनच्या संशोधकांनी २००५ मध्ये पाहिल्या आहेत. आपल्या लोकलसारखेच हे: दादरला चढणारे चढतात तेव्हा दाराशी उभे असलेले दोनचार जण नको असताना फलाटावर उतरवले जातात. पण डबा रिकामा होत नाही.

पेशीविज्ञानार्थी

सहमत. डबा रिकामा होत नाही याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतील ऑरेगनमध्ये ४५ जणांच्या रक्ताचे नमुने २६ वर्षांपर्यंतच्या काळातले तपासून २००७ मध्ये प्रतिपिंडांचे अर्धायुष्य काढले गेले: धनुर्वाताचे ११ वर्षे, घटसर्पाचे १९, कांजिण्यांच्या विषाणूचे ५०, आणि गोवर व गालगुंड यांचे २०० वर्षांहून अधिक. या सर्व माणसांना त्या वर्षांत ताप-सर्दी कितीदा झाली असेल याचा हिशेब नाही, तरीही रेषा जवळजवळ सपाट राहिल्या.

यात एक गंमतही आहे. कांजिण्यांचा विषाणू शरीरात सुप्त राहतो, गोवर सहसा राहत नाही. तरी दीर्घायुषी ठरली ती गोवराची प्रतिपिंडे. त्यामुळे ‘सुप्त विषाणू अधूनमधून उठतो म्हणून त्याची प्रतिपिंडे टिकतात’ हे आपण सहज बोलून जातो ते अपुरे आहे. एकूण टिकाव बहुधा मज्जेतल्या पेशींचा असतो. उठणे-बसणे हे त्यावरचे लहान तरंग.

मुलुंडची_वाचक

पाच आठवड्यांनी परत येते आहे, कारण धागा अर्धवट सोडणे बरे वाटले नाही.

गाठीची सोनोग्राफी आणि सुईने तपासणी झाली. क्षय नाही, गाठ प्रतिक्रियात्मक असल्याचे सांगितले आणि आता ती हाताला लागतही नाही. थकवा निम्म्याने कमी आहे.

काचपट्टी ताईंच्या सांगण्याप्रमाणे सप्टेंबरचा नमुना नव्या नमुन्याबरोबर लावता येईल का म्हणून प्रयोगशाळेला फोन केला. तो आठवड्याभरातच टाकून दिला होता. मग दुसरा विचार केला. २०२१ मध्ये जेथे चाचणी झाली त्या प्रयोगशाळेत गेले आणि किट तेच आहे का ते विचारले. कंपनी तीच, खेप अर्थात वेगळी. तेथे नवा नमुना दिला. व्हीसीए आयजीजी ११८ आले, २०२१ मध्ये ९६ होते. आयजीएम निगेटिव्ह. ईबीएनए पॉझिटिव्ह, आकडा जवळपास तोच. रुबेला आयजीजी मुद्दाम करून घेतली, पण जुना आकडा नसल्यामुळे तिची साक्ष कोणाशी ताडणार?

काचपट्टी

९६ आणि ११८ यांत फरक आहे असे मी कोणत्याही अहवालावर लिहिले नसते. एकच नमुना दोन दिवशी लावला तरी एवढे इकडेतिकडे होते. तेव्हा ती आठपट बहुतांशी दुसऱ्या तराजूची होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवून ठेवा. हा नमुना डेंगीनंतर सुमारे अडीच महिन्यांनी घेतला आहे. आयजीजीचे रक्तातले अर्धायुष्य साधारण तीन आठवड्यांचे असते, त्यामुळे ऑगस्टअखेरीस लहानशी वाढ झाली असेल आणि तिचा पुरवठा लगेच थांबला असेल तर तिचा बराच भाग आतापर्यंत ओसरलेला असणार. सप्टेंबरची नळी हाती असती तर उत्तर मिळाले असते. सीमारेषेवरचे ते आयजीएम खरे होते की डेंगीच्या गदारोळातले, हेही त्याच नळीबरोबर गेले. रुबेलाचा अहवाल जपून ठेवा. पुढच्या वेळी तो जुना आकडा म्हणून उपयोगी पडेल.